फादर सवरिमुत्तु यांनी मला परत पाठवले

फादर सवरिमुत्तु आम्हाला गणित शिकवायला आले तेव्हा मी आठवीत होते. पहिल्याच तासाला त्यांचे फळ्यावरचे उत्तर चुकले आणि मी ते बोलून दाखवले. फादरांनी उत्तर पुन्हा ताडून पाहिले, खडू माझ्या हाती दिला आणि स्वतः माझ्या बाकावर जाऊन बसले. बाकाचा एक पाय निखळलेला होता. फादर खाली आले. झब्बा झटकत म्हणाले, "विद्यार्थ्याच्या जागी बसणं इतकं अवघड असतं, हे मला ठाऊक नव्हतं." दुसऱ्या दिवशी हातोडी आणून त्यांनी स्वतः तो पाय ठोकला.

दहावीत मला कावीळ झाली. महिनाभर फादर कुंभकोणहून आमच्या गावी, तिरुविसनल्लूरला, सायकलने येत आणि आमच्या ओसरीवर बसून मला गणित शिकवत. बरी झाल्यावर मी थेट चर्चमध्ये गेले आणि म्हणाले, "फादर, मला ख्रिस्ती व्हायचं आहे."

ते हसले नाहीत. "तुमच्या घरी कोणाची भक्ती करतात?"

"विठ्ठलाची. अप्पा भजनात अभंग म्हणतात."

"एक म्हण बघू."

मी तिसऱ्या ओळीला अडले. अर्थ विचारला, तर पहिल्याच ओळीला.

"अर्धवट गणित टाकून मी कुणाला पुढचं पान उलटू देत नाही," फादर म्हणाले. "दहा अभंग पाठ कर, अर्थासकट. मग बोलू."

मी रोज संध्याकाळी वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, शेजारी टाळ घेऊन बसू लागले. अप्पांना आनंद मावेना. आठवड्याने त्यांनी विचारले, "पोरी, तुज हे सुचवलं कोणी?"

"चर्चच्या फादरांनी."

"काय म्हणून?"

"मज ख्रिस्ती व्हायचं आहे, म्हणून."

अप्पांच्या हातातले टाळ तसेच राहिले.

सकाळच्या पहिल्या बसने अप्पा चर्चला निघाले, मागे मी. काय काय सुनावायचे याची उजळणी ते बसमध्ये ओठांतल्या ओठांत करत होते. फादरांनी दारातच त्यांचे हात धरले. "बरं झालं आलात! सातव्या अभंगाचा अर्थ हिला सांगता येत नाही. तुम्ही तरी सांगा."

अप्पा सांगू लागले. आधी उभ्याने, मग बसून, मग गाऊन. फादर वहीत टिपून घेत होते, मध्येच शंका काढत होते. दीड तास गेला. फाटकापाशी पोचल्यावर अप्पांना एकदम आठवले, "आणि हिच्या बाप्तिस्म्याचं काय?"

"अय्या," फादर अप्पांना आदराने संबोधत म्हणाले, "माझ्याच माणसांना रविवारी वेळेवर आणता आणता माझे केस पिकले. त्यात तुमची कुठे घेऊ?"

अप्पा इतके हसले की परतीची बस चुकली.

दहावा अभंग पाठ झाला तेव्हा मला कुठेच जायचे उरले नव्हते. फादरांनीही पुन्हा विषय काढला नाही. मला कोइमतूरला शेतकी शिकायला प्रवेश मिळाला, तेव्हा सारे नातेवाईक म्हणाले, एकटी मुलगी इतक्या दूर नको. अप्पा सगळ्यांचे ऐकून घेत राहिले आणि शेवटी एवढेच म्हणाले, "फादरांस विचारू." फादर म्हणाले, "उद्याच पाठवा." मी गेले. आज आडुतुरैच्या संशोधन केंद्रात भाताच्या वाणांवर काम करते.

माझी श्रद्धा मला एका ख्रिस्ती धर्मगुरूंनी दिली, हे मी आमच्या भजनात उघड सांगते. नवखी मंडळी चमकतात. अप्पा मान डोलावतात.

फादर आता पंचाहत्तर वर्षांचे झाले आहेत. त्यांच्या डोळ्यांनी साथ द्यावी, गुडघ्यांनी कुरकुर आवरावी, आणि अजूनही शिकवणीला येणाऱ्या मुलांनी त्यांच्या चुका न घाबरता दाखवाव्यात. ज्या देवाशी ते रोज पहाटे बोलतात, त्याला आम्हा सर्वांची, अप्पांसकट, एकच विनंती आहे: त्यांना बोलावण्याची घाई करू नये. त्याच्यापाशी माणसे पुष्कळ आहेत. आमच्यापाशी असे हे एकच.