हातून गेला

माझ्या थोरल्या भावावर खुनाचा खटला चालू होता, तेव्हा रत्नागिरीच्या कोर्टाबाहेर एक वयस्कर दुभाषी रोज दिसायचे. जांभ्याच्या कट्ट्यावर बसून ते उपरण्याने चष्मा पुसत आणि एका वहीतले शब्द पुटपुटत. त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एकदा मी धीर करून विचारलं, "काय वाचताय?"

"इंग्रजीतले रोजचेच शब्द. एका जुन्या नाटककाराच्या लिखाणात ते पहिल्यांदा सापडतात. हा बघ, ॲक्यूज्ड. म्हणजे आरोपी. गुन्हेगार नव्हे. कुठला शब्द कुठून आला ते ठाऊक असलं, की तो जपून वापरला जातो."

भावाच्या जबाबाच्या दिवशी कोर्ट गच्च भरलं होतं. भाट्याच्या खाडीत त्याचा सोबती बुडाला, तो कसा, असं गोऱ्या जज्जसाहेबाने विचारलं.

भाऊ म्हणाला, "माज्या हातून गेला तो."

दुभाषी उपरण्याने चष्मा पुसू लागले. साहेब टेबलावर पेन्सिल आपटू लागला. अखेर त्यांनी साहेबाची परवानगी मागितली आणि भावाकडे वळून विचारलं, "हातून गेला म्हणजे काय, ते नीट सांग."

"मी धरलेला त्याला. हात ओले होते. सुटला."

मग त्यांनी ते सावकाश इंग्रजीत सांगितलं.

भाऊ निर्दोष सुटला. मी कट्ट्यापाशी जाऊन त्यांच्या पाया पडलो.

"पाया पडू नकोस," ते म्हणाले. "मला आधी दुसराच अर्थ सुचला होता."