चार ओळींची पोस्ट

चाकणच्या आमच्या कारखान्यात शिफ्ट बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला मशीनपाशी उभं राहून सगळं सांगतो. काय बिघडलं, काय केलं, कशावर लक्ष ठेवायचं, बस्स. बाहेर कंपनीची बस हॉर्न वाजवत असते. कुणी पाल्हाळ लावलं की समोरचा विचारतो, "राव, मशीन चालू आहे का बंद, ते सांग."

मी याच शिस्तीत वाढलो. प्रेस मशीनवर पत्र्याला चिरा का पडतात ते आम्ही शोधून काढलं, तेव्हा नोकरीवाल्यांच्या सोशल मीडियावर मी चार ओळींची पोस्ट टाकली. बिघाड, कारण, उपाय आणि सोबतच्यांचे आभार.

एचआरच्या साहेबांनी बोलावून घेतलं. "एवढ्याशा पोस्टला रीच मिळत नाही. संघर्ष टाका, आईवडिलांचे कष्ट टाका, शेवटी एक प्रश्न विचारा."

माझे वडील पिंपरीत वेल्डर होते. त्यांचा त्या चिरांशी काय संबंध? लाइक गोळा करायला मी माझ्या बापाला बसवणार नाही. "नाही जमायचं," म्हणालो आणि पोस्ट तशीच ठेवली.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी स्वतःच पोस्ट लिहिली. विषय होता, थोडक्यात लिहिण्याचं महत्त्व. रावेतला बसमध्ये बसल्यावर मी वाचायला घेतली, ती अर्ध्या तासाने मोशी आली तरी संपेना. शेवटी त्यांनी विचारलं होतं, "तुम्हाला काय वाटतं?"

मी सगळ्यांदेखत खाली लिहिलं, "साहेब, मशीन चालू आहे का बंद?"