दोन बायकांपुरतं गरम पाणी

गल्लीत सगळे तिला पार्लरवाली म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि मान टेकवून केस धुवायचं एक बेसिन, एवढाच तिचा पसारा. नवरा गेल्यावर लोकांनी धरूनच ठेवलं होतं की आता ही सासूला नणंदेकडे पोचवणार, घर विकणार आणि माहेरचा रस्ता धरणार. ती कुठंही गेली नाही. "मला काय धाड भरलीय जायला?" एवढंच म्हणाली आणि पार्लरचं दार पुन्हा उघडलं.

सासूबाई वर राहायच्या, ती खाली. दोघींचं गूळपीठ होतं अशातला भाग नाही. मीठ कमी पडलं, खिडकी उघडी राहिली, कशावरूनही जुंपायची. पण तिसऱ्या कुणी मध्ये तोंड घातलं की दोघी भांडण तिथंच टाकून त्याच्यावर तुटून पडत.

हिवाळा तोंडावर आला आणि तळघरातल्या, घर आणि पाणी तापवणाऱ्या जुन्या तेलाच्या बॉयलरने मान टाकली. नणंदेला बातमी लागायला वेळ लागला नाही.

"वहिनी, आईला मी घेऊन जाते. आमचा फ्लॅट कसा उबदार आहे. त्या घरात गारठून मरेल ती."

फोन स्पीकरवर होता. जिन्यावरून आवाज आला, "मरायचं कुठं ते मी ठरवीन!"

"ऐकलंत ना वन्सं?" पार्लरवाली म्हणाली. "मी हीट पंप बसवून घेतेय. घर उबदार झालं नाही तर मग बोला."

पंपवाला आला. माणूस सज्जन होता, फक्त घाईत होता. खोल्या मोजल्या, खिडक्यांच्या फटींना हात लावून पाहिला, खोल्या तापवणारे भिंतीवरचे रेडिएटर ठोकून बघितले. मग समजावून सांगू लागला. पंप बाहेर बसतो, बाहेरच्या गार हवेतली ऊब ओढून घेतो आणि पाण्याला देतो. बॉयलरसारखं चटका देणारं पाणी रेडिएटरमध्ये येणार नाही, म्हणून ते मोठे लागतील. टाकीतलं पाणी तापवताना घर तापवणं तेवढा वेळ थांबतं.

"घरात तुम्ही दोघीच ना? दोन बायकांपुरतं पाणी. लहान टाकी पुरे."

"आणि माझा धंदा?"

"तो काय, अधूनमधून कोणी येतं तेवढाच ना?"

पार्लरवालीने हातातली कात्री खाली ठेवली. "बसा इथं," ती म्हणाली, आणि त्याला रिकाम्या खुर्चीत बसवलं. बेसिनची नळी काढून खाली बादली लावली आणि शेजारच्या खुर्चीतल्या बाईंचे केस त्याच्यासमोर धुतले. बादली काठोकाठ भरली.

"हे एका डोक्याचं पाणी. सुट्टीच्या दिवशी अशी डोकी दारापर्यंत रांगेत असतात. शिवाय आईंना सकाळी टबात बसून आंघोळ लागते. कमरेपर्यंत पाणी..."

"गळ्यापर्यंत!" जिन्यावरून दुरुस्ती झाली.

पंपवाला हसला आणि त्याने आधीचा हिशोब खोडला. टाकी मोठी घ्यायची ठरली. ती दुपारी तापवायची, कारण दुपारी हवा त्यातल्या त्यात बरी असते आणि पंपाला कमी दमावं लागतं. टाकीत विजेवर तापणारा एक रॉडही बसवायचा. एरवी तो गप्प राहील, पण अधूनमधून पाणी कडक तापवून आतले जंतू मारील. हे सगळं पार्लरवालीला पटलं आणि तिने निमूटपणे मान डोलावली.

शेगडीवरून मात्र जुंपली. पार्लरच्या कोपऱ्यात लाकडावर पेटणारी लोखंडी शेगडी होती.

"ही काढा आता," पंपवाला म्हणाला. "धुराड्यातून घरातली ऊब निघून जाते."

"धुराड्याला झडप बसवा. शेगडी राहील."

"अहो, पण कशाला?"

"वीज गेली की तुमचा पंप आणि रॉड काय मंत्राने चालणार?"

शेगडी राहिली.

पंप कुठं बसवायचा यावरही ती हटून बसली. त्याला पुढची मोकळी भिंत हवी होती. ती म्हणाली, गिऱ्हाइकांच्या तोंडावर गार वारा फेकणारं धूड मला दारात नको, मागे पागोळीखाली बसवा.

"तिथं वरून पाणी ठिबकेल."

"ठिबकू दे!"

आणि ते ठिबकलं. ऐन कडाक्याच्या दिवसांत छपरावरचा बर्फ उन्हाने वितळायचा, फुटक्या पन्हळीतून पंपावर गळायचा आणि संध्याकाळी गोठायचा. एका सकाळी सगळा पंखा बर्फात गच्च अडकला. पंप बंद पडला, वरचे रेडिएटर गार झाले. पार्लरवालीने मागच्या दारातून ते पाहिलं आणि स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या. मग पंपवाल्याला फोन केला. "उद्या येतो," तो म्हणाला. तिने शेगडी पेटवली आणि सासूबाईंना हाताला धरून खाली आणलं.

"पाणी आहे का?" म्हातारीचा पहिला प्रश्न.

"कालचं टाकीभर आहे. कडकडीत."

"मग माझे केस धू. किती दिवस म्हणतेय."

केसांना फेस लागला न लागला तोच नणंद आत आली. थंडीची लाट येणार हे ऐकून ती टॅक्सी घेऊनच निघाली होती. ती तडक वर गेली आणि तशीच खाली आली.

"वहिनी, वर हात लावून आले. सगळं गार पडलंय! सांगत नव्हते मी?"

पंपवाल्यावर ढकलून मोकळं होता आलं असतं. तो शब्द जिभेवर आलाही होता. तिने तो गिळला.

"पंप माझ्या हट्टापायी बंद पडलाय. तो माणूस सांगत होता, मी ऐकलं नाही. चूक माझी, वन्सं. पण आई कुठं जाणार नाहीत."

"आई, ऊठ. टॅक्सी उभी आहे."

सासूबाईंनी बेसिनवरून मान हलवलीसुद्धा नाही. "केस ओले आहेत माझे."

"मग वाळव!"

"वाळतील की. उन्हाळ्यापर्यंत."

दुसऱ्या खुर्चीत पाळीची वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला हसू आवरेना. नणंदेला मात्र एकदम रडू फुटलं. "तुम्हाला गंमत वाटते. याच घरात दादा गेला. आता हिचंही काही झालं तर..."

पार्लरवालीने नळ बंद केला. फेसाने माखलेले हात तसेच धरून ती नणंदेसमोर उभी राहिली.

"वन्सं, तो माझाही होता. म्हणून तर मी इथून हलत नाही."

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजत राहिला. नणंदेने डोळे पुसले. शेगडीपाशी हात शेकत थोडा वेळ उभी राहिली, मग पिशवीतून आईसाठी आणलेली जाड रजई काढली, खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि एकटीच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पंपवाल्याने टाकीतलंच कोमट पाणी ओतून बर्फ वितळवला. तोंडातून ब्र काढला नाही, त्यामुळे तिलाच राहवेना.

"म्हणा, 'मी सांगितलं होतं.' एकदाच म्हणून घ्या."

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला आणि पंपावर पत्र्याचं उतरतं छप्पर बसवून गेला.

दुपारपर्यंत वरची खोली पुन्हा उबदार झाली. तरी सासूबाई आठवडाभर पार्लरमध्येच बसून राहिल्या. गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची त्यांना चटक लागली होती.

बर्फ सरला तशी पार्लरवाली नवी पन्हळ घेऊन स्वतःच शिडीवर चढली. अर्धी गल्ली खाली जमली. कोणी म्हणालं, पडाल. कोणी म्हणालं, अहो, एखादा माणूस बोलवा. तिने तोंडातला खिळा हातात घेतला, खाली वळून बघितलं आणि विचारलं, "का? मी कोण आहे मग?"

शिडी सासूबाईंनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, आणि त्या कुणालाही जवळ फिरकू देत नव्हत्या.