जपानी पोरी मिरकरवाड्यात

मासा खपला नाही तर बर्फात टाकता येतो. किस्से कुठे टाकायचे? आमच्या रांगेत रोज नवा येतो आणि जुना जायचं नाव घेत नाही. आता टोपली भरून वाहायला लागली, म्हणून थोडे उपसते. मी चौथी शिकलेली बाई. नटवून सांगता येत नाही, आणि नटवायची गरजही नाही.

आम्ही तिघी. मी, कुंदा आणि रझिया. मिरकरवाडा बंदरावर एका रांगेत बसून मासे विकतो. लहानपणी मी आणि कुंदा मराठी शाळेत, रझिया शेजारच्या उर्दू शाळेत. मध्ये चिऱ्यांचा गडगा, कमरेएवढी भिंत. मधल्या सुट्टीत त्या गडग्यावर तिघींचे डबे एक व्हायचे. चौथीनंतर आमची शाळा सुटली. डबे अजून एकच आहेत.

माझी मयुरी कॉलेजात जाते. तिने एक जपानी कॉमिक आणलं. मांगा म्हणतात त्याला.

"यात काय, भुतं की मारामाऱ्या?" मी विचारलं.

"नाय गो आई. तीन मैत्रिणी आहेत. शाळेत जातात, डबा खातात, घरी येतात."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी परत शाळेत जातात."

"एवढ्यासाठी जपान्यांनी कागद घालवला?"

*

पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते. होड्या किनाऱ्याला, आणि आम्ही सुकी मासळी घेऊन बसतो. गिऱ्हाईक कमी, माश्या जास्त. मयुरीने पुस्तकातल्या इंग्रजी बोलण्यावर मराठी चिठ्ठ्या चिकटवून दिल्या. मी वाचायला घेतलं.

पहिल्याच चित्रात पोरगी चिखलात लोळतेय. पुढच्यात ती घसरतेय. त्याच्या पुढच्यात छान इस्त्रीचा युनिफॉर्म घालून घरातून निघतेय. मी मयुरीला शिव्या घातल्या. म्हटलं, कॉलेजात जाऊन हेच शिकलीस? चिठ्ठ्या सगळ्या उलट्यापालट्या लावल्यास!

रझियाने नुसती मान वाकडी करून पाहिलं. "नंदे, चिठ्ठ्या बरोबर आहेत. तू चुकीच्या बाजूने वाचतेस. उजवीकडून वाच, आमच्या उर्दूसारखं."

लहानपणी आम्ही हिला 'उलटी शाळा, उलटी शाळा' म्हणून रडवलेलं. आता तीच बोट ठेवायची आणि आम्ही दोघी मागून वाचायचो. रझिया म्हणाली, "बाई म्हणा आता!" म्हटलं. काय करणार!

*

त्या तिघींत एक चष्मेवाली हुशार, एक खादाड आणि एक सतत आरडाओरडा करणारी. कोण कुणासारखी यावर आमची अर्धी सकाळ गेली. हुशार सगळ्यांनाच व्हायचं होतं, पण चष्मा एकट्या कुंदाला.

शेवटी डबा द्यायला आलेली मयुरी म्हणाली, "आई, तू ती ओरडणारी."

"मी? मी कधी ओरडते?"

तिकडे जेट्टीवर जाळं विणत बसलेले चार खलाशी वळून बघायला लागले. मयुरी म्हणाली, "काय नाय, काय नाय, आई हळू बोलतेय."

*

आता कुंदाचं सांगते. तिचा निलेश विरारला. फ्लॅट घेतला, लिफ्ट आहे, आणि आता म्हणतो आईने मासे विकायचे नाहीत. कायमचं तिकडे यायचं.

आमच्या रांगेचा कायदा कडक. बंदी उठली की पहिल्या लिलावाला जी बाई जागेवर नसेल, तिची जागा दुसरीला. टोपली ठेवून चालत नाही, बाई पाहिजे. कुंदाच्या जागेवर आधी तिची सासू बसायची. ही जागा गेली तर परत मिळणार नाही, हे तिला माहीत आणि आम्हालाही. पण पोराला नाही म्हणायला तिची जीभ उचलत नव्हती.

एकदा त्याचा फोन मीच घेतला. म्हणाला, "मावशी, दिवसभर तिथे बसून होतं काय?"

"काहीच होत नाही! म्हणूनच बसतो!" म्हटलं आणि ठेवला फोन.

*

एक रिटायर गुरुजी नेमाने सोडे घ्यायला येतात. आमच्या हातात कॉमिक बघून चष्मा नाकावर ओढला. दोन पानं चाळली, तीही डावीकडून.

"नंदाबाई, यात गोष्टच नाही. बोध काय यातून?"

"गुरुजी, सोड्यांत बोध काय असतो? खाता ना चाटूनपुसून?"

गुरुजींनी पुस्तक परत दिलं. वरून मूठभर सोडे जास्त मागून घेतले!

खरं सांगू? आमची शाळा चौथीत संपली. त्या पोरींची संपतच नाही. पुस्तक मिटलं तरी सकाळी त्या दप्तर घेऊन निघणारच. हे गुरुजींना काय कळणार, ते तर जन्मभर शाळेतच होते.

*

पुस्तकाचं एक पान सुटलेलं. त्याच पानावर खादाड आणि चष्मेवाली यांची कट्टी सुटते की नाही ते कळणार होतं. आणि कुंदाने त्यातच सुकट बांधून दिली! गिऱ्हाईक गणपतीपुळ्याचा, लॉज चालवणारा. गेला स्कूटरवरून.

रझिया दोन दिवस कुंदाशी बोलली नाही. जपानमधली कट्टी सुटेना आणि मिरकरवाड्यात नवीन सुरू!

आठवड्याने तो लॉजवाला परत आला. पान घडी करून खिशात. म्हटलं, आता हा भांडणार.

तो म्हणाला, "मावशी, सुकट नको. या पोरींचं मागचं-पुढचं कुठे मिळेल? माझी बायको जेवत नाहीये."

आम्ही पान आधी वाचलं. कट्टी सुटली होती. रझियाने तिथल्या तिथे कुंदाला डब्यातला खिमा दिला. लॉजवाल्यालाही दिला.

*

बंदी संपायला दहा दिवस होते तेव्हा निलेश गाडी घेऊन आला. कुंदा म्हणाली, "चार दिवस जाऊन येते." निलेश म्हणाला, "चार दिवस नाही, कायमची." कुंदा गाडीत बसली. रझिया त्या रिकाम्या जागेकडे पाठ करून बसायला लागली. मी तर पुस्तकच उघडलं नाही.

पहिल्या लिलावाला कुंदा जागेवर होती! निलेशने स्वतः आणून सोडली, टोपली उतरवून दिली आणि आमच्याकडे न बघता चहाला गेला. त्याला तयार केलं ते त्याच्या बायकोने, पूजाने; का, ते तिनेच मला फोनवर सांगितलं.

पूजा ऑफिसातून येताना विरारच्या मासळीबाजारात शिरली. बघते तर एका कोळणीच्या पाटीभोवती ही गर्दी. पाटीची मालकीण बाजूला उकिडवी, हनुवटीवर हात. अजून तीन कोळणी तशाच. आणि मधोमध, कोळंबीच्या वाट्यांपुढे पदर खोचून आमची कुंदा. हातवारे करून सांगतेय, "आणि मग ती चष्मेवाली डबा उघडते..."

"आई! तुम्ही इथे काय करताय?"

"थांब गो, डबा उघडू दे!"

डबा उघडला. बायका हसून हसून लोळल्या. गिऱ्हाइकं पण. अख्खी पाटी संपत आली, शेवटचा एक वाटा उरला. पूजा हळूच म्हणाली, "द्या तो मला. थोडं कमी करा."

"भाव एकच."

"अहो आई, मी तुमची सून आहे!"

कुंदाने वाटा पुढे ओढला, चष्मा वर केला आणि म्हणाली, "म्हणून तर सोलून देतेय!"