किकरची आई

किकर म्हणजे काय, हे गेल्या सात-आठ वर्षांत मी इतक्या लोकांना समजावून सांगितलंय की आता झोपेतून उठवलंत तरी सांगेन. अमेरिकन फुटबॉलमध्ये अकरा धिप्पाड माणसं दुसऱ्या अकरा धिप्पाड माणसांच्या अंगावर धावून जातात, आपटतात, उठतात, परत धावतात. ते सगळं झालं की बाकावरून एक सडपातळ पोरगा आत येतो, समोरच्या दोन पिवळ्या खांबांच्या मधून बॉल लाथेनं पलीकडे घालवतो आणि परत बाकावर जाऊन बसतो. बॉल गेला तर कुणी त्याच्याकडे बघत नाही. नाही गेला तर अख्खं स्टेडियम त्याच्याकडेच बघतं. तो सडपातळ पोरगा आमचा. "म्हणजे दोन मिनिटांचंच काम की गं," असं पुण्याहून माझी बहीण म्हणायची. हो बाई, दोन मिनिटांचं. त्या दोन मिनिटांसाठी मी निम्मं मिशिगन गाडीने पालथं घातलंय.

तो आधी सॉकर खेळायचा. शाळेच्या फुटबॉल कोचने त्याची लाथ बघितली आणि उचलला त्याला. मग उन्हाळ्यातले कॅम्प आले. तिथे सोळा वर्षांच्या मुलांना हॉटेलला देतात तसे स्टार देतात. आमच्याला पाच मिळाले. कुठल्याशा वेबसाइटवर त्याचा फोटो आला आणि खाली लिहिलेलं, या वर्षीचा सगळ्यात भरवशाचा पाय. मी तो फोटो प्रिंट करून फ्रिजवर लावला. पायाचं एवढं कौतुक आमच्या खानदानात कुणाचं झालं नव्हतं.

माझा नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. दर रविवारी त्याचे दोन मित्र आमच्या बेसमेंटमध्ये मॅच बघायला जमायचे. आपल्या गावची टीम वर्षानुवर्षं हरणारी, त्यामुळे मॅचमध्ये फारसा राम नसायचा. यांची खरी करमणूक वेगळी होती. कॉलेजात गाजलेली, वाजतगाजत टीममध्ये आणलेली आणि मग ढेपाळलेली पोरं. "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!" नवरा ओरडायचा आणि बाकीचे दोघे टाळ्या द्यायचे. सीझनच्या शेवटी टीव्हीवाले सगळ्यात जास्त निराशा करणाऱ्या खेळाडूंची यादी काढतात. ती वाचायला तर यांना दिवाळी अंकासारखी मजा यायची. मी वरून गरम वडे घेऊन जायचे आणि जिन्यात उभी राहून हसायचे. त्या पोरांना आया असतील, हे माझ्या टाळक्यात कधी आलं नाही.

मुलाला शेजारच्या राज्यातल्या एका मोठ्या युनिव्हर्सिटीने शिष्यवृत्ती देऊन घेतलं, तेव्हा मराठी मंडळाने गणपतीत त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, सगळं. आपल्याकडे सत्कार ॲडमिशन मिळाल्याचा होतो, पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही. सूत्रसंचालन करणारे काका माइकवर म्हणाले, "लवकरच आपला हा वाघ टीव्हीवर दिसणार!" वाघ लाल होऊन "थँक यू काका, थँक यू काकू" म्हणाला आणि खाली येऊन बसला. घरी येताना गाडीत म्हणाला, "आई, बट मी अजून काहीच केलं नाहीये."

"गप रे," मी म्हटलं. "लोकांना कौतुक आहे तर घ्यावं माणसानं."

पहिलं वर्ष तो बाकावरच होता. दुसऱ्या वर्षी त्याला उतरवलं. सप्टेंबरमध्ये दोन किक चुकल्या, त्या लांबच्या होत्या, कुणी फार मनावर घेतलं नाही. ऑक्टोबरात होमकमिंगची मॅच, म्हणजे कॉलेजचे जुने विद्यार्थी परत जमतात ती, वर्षातली सगळ्यात गर्दीची. आम्ही दोघं साडेतीन तास ड्राइव्ह करून गेलो होतो. शेवटचे काही सेकंद, एका गुणाने मागे, आणि किक अगदी जवळची. शेजारची गोरी आजी माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाली, ही तर तो डोळे मिटून मारेल. बॉल डाव्या खांबावर आपटला. तो आवाज इतक्या वर आमच्यापर्यंत आला. पुढच्या आठवड्यात अजून दोन चुकल्या आणि कोचने त्याच्या जागी एका मुलाला उभं केलं, ज्याला कुणी बोलावलंही नव्हतं, स्वतःच येऊन ट्रायल देऊन टीममध्ये शिरलेला. तो मारतच सुटला, मेला. चांगला मुलगा असणार, पण मी त्याला मनात काय काय बोलले ते माझं मला माहीत.

लोकांनी इंटरनेटवर लिहिलं ते मी सगळं वाचलं. वाचू नये म्हणतात. कॉल सेंटरमध्ये परत जा, असं लिहिलेलं. अरे, परत कुठे? त्याचा जन्म इथला, मिशिगनमधल्या ट्रॉयचा!

त्या महिन्याच्या शेवटी एका दुपारी त्याचा फोन आला. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. "आई, मला थांबायचंय. फुटबॉल. मला ते आवडतच नाही आता, मे बी खूप आधीपासून. मी नुसतं शिकीन. तू बाबांना सांगशील? मला त्यांना सांगायला जमत नाहीये." मी म्हटलं, सांगते. "प्रॉमिस?" प्रॉमिस.

आणि मी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी घरी आले तर नवरा लॅपटॉप उघडून बसलेला. ट्रॉयजवळच्या एका झाकलेल्या मैदानात हिवाळ्यात किक शिकवणारा कुणी कोच त्याने शोधला होता. "पोराचा जीव आहे गं त्यात," म्हणाला. "आपण आत्ता मागे उभं राहायला हवं." मी म्हटलं, बरोबर आहे. आता एवढा उत्साहात असलेल्या माणसाला काय सांगायचं? उद्या सांगू. मग दिवाळी आली. दिवाळीत कशाला? मग थँक्सगिव्हिंगला मुलगा घरी आला नाही, अभ्यास आहे म्हणाला. मी दोघांच्या मधे सापडलेय, असं मी स्वतःला सांगत होते. बाप ऐकणार नाही, मुलगा बोलणार नाही, आणि अडकित्त्यात सुपारी मी. मुलगा मेसेज करायचा, "बाबांना सांगितलंस?" मी लिहायचे, "योग्य वेळ बघतेय." पुढे पुढे त्याने विचारणंच सोडलं. मी दमले होते हे खरं. पण आता खोटं कशाला बोलू, त्या दमण्याच्या खाली माझ्या मनात एकच गोष्ट घर करून होती. एक किक. एकच नीट बसली तर सगळ्यांची तोंडं बंद होतील, आणि मला काही सांगावंच लागणार नाही.

डिसेंबरमध्ये एका रविवारी बेसमेंटमध्ये नेहमीसारखी यादी आली. या खेपेला कॉलेजच्या खेळाडूंची. एक मित्र फोनवरून मोठ्याने वाचत होता. पहिलं नाव, हशा. दुसरं नाव, हशा. तिसऱ्याला तो थांबला. मी जिन्यात ताट घेऊन उभी होते. "नेटवर्क गेलं वाटतं," तो म्हणाला आणि फोन पालथा ठेवला. दुसऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला. नवऱ्याने एक वडा उचलला, आणि मॅच संपेपर्यंत तो तसाच हातात धरून बसला.

जानेवारीत मंडळाच्या अध्यक्ष काकूंचा फोन आला. संक्रांतीच्या कार्यक्रमात आपला मुलगा लहान मुलांशी दहा मिनिटं बोलेल का? अपयश कसं पचवावं, यावर. "त्यालाही बरं वाटेल गं. आपलीच माणसं आहेत." आमच्या लोकांना दुःख नुसतं करता येत नाही, त्याचा कार्यक्रम करावा लागतो. हे सगळं कळत होतं मला. तरी मी हो म्हटलं. लोक अजून त्याला बोलावतायत, हेच मला फार वाटलं. मुलाला सांगितलं फक्त, संक्रांतीला ये, तिळगूळ घ्यायला ये, खूप दिवस झाले. तो बिचारा आला.

शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला. काळ्या साड्या, हळदीकुंकू, कोपऱ्यात गुळपोळ्या. स्टेजवर कापडी फलक, त्यावर हेल्मेटमधला त्याचा फोटो आणि मोठ्या अक्षरात, "पडा, उठा, जिंका!" त्याला मराठी वाचता येत नाही. फोटो मात्र ओळखता आला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी तिळगुळाचा डबा उघडत होते, तो उघडतच राहिले.

नाव पुकारल्यावर तो गेला स्टेजवर. न जाण्याइतका उद्धट आम्ही त्याला केलाच नाही. माइक हातात घेऊन म्हणाला, "सॉरी काका. माझ्याकडे कमबॅक स्टोरी नाहीये. मी फुटबॉल सोडलंय. मला ते आवडत नाही. आणि मी सॅड पण नाहीये, फक्त टायर्ड आहे. दॅट्स इट. तिळगूळ घ्या, गोड गोड बोला." आणि उतरला. पुढच्या रांगेतल्या कुणी काकू म्हणाल्या, "किती नम्र आहे नाही!" आणि टाळ्या सुरू झाल्या. माइकवरचे काका म्हणाले, "तर मुलांनो, असा हा जिद्दी खेळाडू! पुढच्या सीझनसाठी शुभेच्छा!" एक शब्द ऐकला असेल तर शपथ.

नवरा टाळ्या वाजवत नव्हता. तो उठला, आमच्या तिघांचे कोट घेतले आणि बाहेर गेला.

गाडीत बसलो. नवऱ्याने हीटर लावला. मी मनात तयारी करत होते. आता हा ओरडणार, तो उलटून बोलणार, आणि मी मधे पडणार. ते काम मला जमतं.

"मला आधी सांगायचं ना रे," नवरा म्हणाला. आवाज अगदी साधा होता.

"सांगितलं होतं. ऑक्टोबरमध्ये. आईला."

नवऱ्याने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "मला वाटत होतं तुला खेळायचंय. म्हणून मी ते कोच वगैरे... मला तर त्या होमकमिंगनंतर स्टेडियममध्ये पाऊल ठेववत नव्हतं. पण म्हटलं, पोराला हवंय, तर आपण कशी कच खायची."

"यू टू?" मुलगा म्हणाला. तो थोडा हसलासुद्धा. मग त्याचं हसू गेलं. "मग हे सगळं एवढे दिवस कोणासाठी चाललं होतं?"

दोघंही समोर काचेकडे बघत राहिले, एकानंही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.