पॉइंट घासणारा मुंजाजी

सेलूत जिंतूर रोडला, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीसमोर, मुंजाजीचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. दुकान कसलं, चार पत्रे नि एक बाकडं! पण एक काळ असा होता की कुणाची जीप बंद पडली, तर माणसं मुंजाजीला भरल्या ताटावरून उठवून न्यायची. त्याची विद्या म्हणाल तर एकच, घासायची. जुन्या गाड्यांत इंजिनाला ठिणगी देणारे पॉइंट असायचे. त्यांच्यावर काजळी धरली की गाडी नुसती फुरफुरायची. मुंजाजी ब्लेडनं दोन हात मारायचा आणि गाडी सुरू. 'पॉइंट घासणारा मुंजाजी' म्हटलं की वालूरपासून जिंतूरपर्यंत दुसरा पत्ता सांगावा लागत नव्हता.

आता नव्या गाड्यांत कसले पॉइंट आणि कसलं काय! गाडी बिघडली की लोक सरळ परभणीला नेतात, तिथं तिला लॅपटॉप लावतात. गेल्या महिन्यात मुंजाजीकडे तीन कामं आली, तिन्ही हॉर्नची. बायकोनं, पंकजानं, पुण्यातल्या आपल्या भावाला सांगून एका सोसायटीत वॉचमनची जागा बघून ठेवली.

"आवो, कुणाची वाट बघायलात तुमी इथं बसून?" ती रोज विचारायची.

"दसऱ्यापर्यंत दम खा," शेवटी मुंजाजी म्हणाला. "एक धड काम येऊ दे. ते माझ्या हातानं झालं तर दुकान सोडायचं न्हाई. न्हाई झालं, तर तू म्हनशील तिथं येतो."

आणि काम आलं की! माधवराव सरांची लेक उत्तरा सकाळी सकाळी गाडी घेऊन दारात. जिंतूरच्या कॉलेजात शिकवते, पुण्याहून जुनी पण भारी गाडी आणलेली.

"काका, हेडलाइट वर बघायलाच तयार नाहीत. संध्याकाळी परत येताना चार हातांपुढचं दिसत नाही. काल म्हैस अगदी समोर आली तेव्हा कळलं."

मुंजाजी पाठीवर सरकत गाडीखाली गेला. मागच्या चाकाजवळ काडेपेटीएवढा सेन्सर होता. मागं वजन पडलं की गाडीचं तोंड वर होतं, तेव्हा हा सेन्सर दिव्यांना खाली वाकवतो. आणि तोच बिघडला, तर दिवे जे खाली बघतात ते बघतातच. मुंजाजीनं बोट लावलं तर पांढरं-हिरवं पीठ हातात आलं.

"उत्तराताई, डिकीत खताची पोती घातली व्हती का?"

उत्तरा ओशाळली. "वालूरच्या शेतावर न्यायची होती. दोन-तीनदाच."

"मंग! युरिया खाली झिरपला अन् सेन्सर खाऊन टाकला. इतक्या मोलाची गाडी अन् तिची बैलगाडी करायलात तुमी!"

किती दिवसांनी कुणाला असं रागावायला मिळालं होतं! मुंजाजी गाडीखाली पडल्या पडल्या खुशीत हसला. "जावा तुमी कॉलेजला, यष्टीनं जावा. पाचला या. गाडी तयार."

सेन्सर काढून त्यानं बाकड्यावर ठेवला. वायर जोडायच्या तोंडात बारीक तीन पिना, हिरव्या पडलेल्या. शहाण्या माणसानं काय केलं असतं? ब्रशनं हलकेच पुसलं असतं, स्प्रे मारला असता, फार तर हात जोडून नवा मागवला असता. पण मुंजाजीच्या हाताला एकच माहीत. त्यानं ब्लेड घेतलं आणि घासलं. जसं तीस वर्षं घासलं, तस्सं.

दोन पिना चकाकल्या. तिसरी काट्‌कन तुटली.

तरी मुंजाजी थांबला नाही. आतून कथलाचा डाग देऊन जोडू, असं म्हणत त्यानं ब्लेड तापवलं आणि सेन्सरचं झाकण कापायला घेतलं. झाकणाच्या आत पॉइंट नव्हते, तार नव्हती. डिंकासारख्या थरात बुडवलेली नखाएवढी पट्टी होती, आणि ब्लेड तिच्या आरपार गेलं होतं. अरे देवा! आजार साधा होता, जीव घेतला तो ह्यानं. दुपारची भाकरी तशीच राहिली. पाचपर्यंत तो त्या दोन तुकड्यांकडे बघत बसला.

उत्तरा आली. "झालं का काका?"

"न्हाई ताई. ह्यो आधीच गेलेला व्हता. आतून पार जळलेला." आयुष्यात गिऱ्हाइकाशी पहिल्यांदा खोटं बोलला तो. आपलीच जीभ त्याला परकी वाटली.

तिनं सेन्सर हातात घेतला. ब्लेडचा काप इतका सरळ, इतका ताजा, की आंधळ्यालाही बोटांनी कळावा. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं. आता ही बोलणार, म्हणून मुंजाजीनं मान खाली घातली. तिचे वडील हयात असताना एकदा मुंजाजीनं त्यांच्या जीपची वायर उलटी जोडली होती. सरांनी भर रस्त्यात अशी खरडपट्टी काढली होती की समोरच्या जिनिंगमधले हमाल बघायला आले. आणि दुसऱ्या दिवशी तीच जीप घेऊन सर पुन्हा त्याच्याच दारात.

उत्तरा म्हणाली, "असू दे काका. जुनी गाडी, व्हायचंच. मी नवा मागवून परभणीत बसवून घेईन. तुम्ही जेवलात का?"

एवढंच. अंधार पडायच्या आत घरी पोचायचं म्हणून ती लगेच निघाली. मुंजाजी घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. पंकजानं त्याचा चेहरा बघितला आणि चहाचं आधण उतरवलं.

"बिघडलं का काम?"

"बिघडवलं. माझ्या हातानं बिघडवलं."

"मंग बाई लय बोलली आसंल."

"एक शबुद न्हाई बोलली."

"बरं झालं की मंग."

"काय बरं झालं? ज्याच्याकडं परत यायचं आसतं त्याला माणूस बोलतंय, पंकजा," मुंजाजी म्हणाला. आणि तो लहान पोरागत रडायला लागला. पंकजा जवळ येऊन बसली. मग त्यानं बाहीनं तोंड पुसलं.

"लाव फोन तुझ्या भावाला," तो म्हणाला. "इचार, कवा यायचं."