पनवेलच्या खिडकीतली माय

साताऱ्याहून मुंबईला जाणारी आमची एसटी पनवेलच्या स्टँडात शिरत नाही, हे कंडक्टरने मला खोपोली मागे पडल्यावर सांगितलं. "कळंबोलीला उतरा, तिथनं रिक्षा मिळंल," म्हणाला. तिकीट पनवेलचं काढलेलं. भांडायला हवं म्हणून थोडं भांडले, पण गाडीतल्या कुणीच साथ दिली नाही. शेवटी एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन मी उड्डाणपुलाखाली मुकाट्याने उतरले.

निघाले होते विहीणबाईंकडे, नाताळाला. माझी मधुरा पनवेलच्या ईस्ट इंडियन घरात दिलेली आहे (ईस्ट इंडियन म्हणजे इथलेच, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे ख्रिस्ती, नाव मात्र साहेबाच्या काळात चिकटलेलं). ती आणि जावई एल्विन कॅनडात असतात. माझी नात इरा दोन वर्षांची, तिकडेच जन्मलेली. यंदा पहिल्यांदाच तिघं नाताळाला घरी येणार होती. एल्विनची रजा उशिरा सुरू होणार म्हणून मधुरा आणि इरा आधी माझ्याकडे साताऱ्याला राहून गेल्या. मग एल्विन आला, त्यांना पनवेलला घेऊन गेला, आणि मागोमाग मी.

रिक्षावाल्याला उरण नाक्याच्या पुढचा पत्ता सांगितला, तर त्याने मागे वळून पाहिलं.

"नाताळाला चाललाव?"

"हो. विहीणबाईंचं घर आहे."

"मंग मजा हाय तुमची. त्यांच्या मायच्या हातचं फुगं खावा. दर वर्साला डबा येतो आमच्या घरा."

फुगे म्हणजे काय ते त्यानेच समजावलं (फुगवलेल्या पिठाचे तळलेले, पोकळ गोळे). रस्ता मात्र चुकला, कारण बोलण्यात वळण गेलं.

चहूबाजूंनी उंच इमारती आणि मध्ये हे बैठं घर. अंगणात जांभळाचं झाड, त्याला कागदी चांदणी टांगलेली. आपला दिवाळीचा आकाशकंदीलच म्हणा. विहीणबाईंना मुलं-सुना सोडून लहानथोर सगळे माय म्हणतात. त्या दारातच उभ्या होत्या. "या वीणबाय, या. कवाशी वाट बगताव आमी!" त्यांनी माझा हात धरला, आणि तेवढ्यात आतून "आजीऽऽ" करत इरा धावत आली आणि माझ्या पायांना चिकटली. मी तिला उचललं. माय हसल्या. पण नुसत्या ओठांनी.

काय बिनसलं होतं ते मधुराने दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना सांगितलं. नात यायची म्हणून मायनी लाल लुगडं नेसून, पेटीतलं सोनं गळ्यात घालून दारात आरती धरली. इराने त्या थाटामाटाकडे पाहिलं आणि टाहो फोडला. तेव्हापासून मायच्या जवळ जात नव्हती. गंमत अशी, की गेली दोन वर्षं रोज सकाळी माय स्वयंपाकघरात मसाल्याच्या बाटलीला फोन टेकवून इराशी बोलायच्या. तिकडे तेव्हा संध्याकाळ. माय दिसल्याशिवाय ही पोर घास घ्यायची नाही. शेवटी मायनी पापा फेकायचा, "टाटा" म्हणायचं, मग इराने पापा फेकायचा, आणि फोन बंद. तीच पोर आता मायना बघून माझ्या पदरात लपत होती.

"आणि परवा बाळ ठेवायचंय, आई," मधुरा म्हणाली.

या घराची एक रीत आहे. हॉलच्या कोपऱ्यात गव्हाणी मांडतात: मातीचं गोठ्याचं घर, गाय, मेंढ्या, आणि भोवती आठवडाभर आधी पेरलेल्या नाचणीचे हिरवेगार कोंब. मधलं गवताचं अंथरूण मात्र रिकामं. नाताळच्या सकाळी चर्चहून आल्यावर घरातल्या सगळ्यात धाकट्या पोराला सगळ्यात थोरल्या माणसाच्या मांडीवर बसवायचं, आणि त्याच्या हाताने बाळयेशूला तिथे निजवायचं. गेल्या वर्षी मायच्या मांडीवर नील बसला होता, थोरल्या मुलाचा. तो आता तीन वर्षांचा. यंदा मान इराचा. आणि माय म्हणे वर्षभर याच सकाळबद्दल बोलत होत्या.

चोवीस तारखेला कुसवार (नाताळचा फराळ). नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. कुलकुलं मात्र मी पहिल्यांदा केली: पिठाची गोळी कंगव्यावर दाबून गुंडाळायची. दोन्ही पोरं मांडी घालून बसली. इराने पीठ खाल्लं, नीलने केसाला लावलं. मध्येच तो गायब झाला आणि थोड्या वेळाने गव्हाणीतल्या रिकाम्या अंथरुणावर माझा एक कंदी पेढा सापडला.

"हे काय रे?"

"बाल नाय आला. पेढा झोपलाय," नील म्हणाला.

सगळे हसले. नीलची आई ग्लॅडिस सहज बोलून गेली, "मम्मी, इरा तुमच्याकडे नाहीच आली, तर वीणबाईंच्या मांडीवर बसवूया ना. त्याही थोरल्याच."

माय फुग्यांचं पीठ मळत होत्या. अंडी, नारळाचं दूध, पीठ फुगायला ताडी. हात थांबला नाही त्यांचा. "बसवा की," म्हणाल्या. "बालयेशूला काय, मांडी कोनची पन चालते." मग पातेलं गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाल्या, "नाय वीणबाय, याला हात नका लावू. हात बदलला का पीठ रुसतं."

मला फार वाईट वाटलं. खरं सांगते, पहिल्या दिवशी इरा मलाच चिकटली तेव्हा मी मनातून सुखावले होते. आता तेच सुख घशाखाली उतरेना.

नाताळच्या सकाळी सगळे चर्चला जाऊन आलो. नटलेली माणसं, गळाभेटी, "मेरी ख्रिसमस" आणि "नाताळ सुखाचा" एकाच दमात. घरी आल्या आल्या मायनी लुगडं सोडलं, जुना गाऊन चढवला, डोक्याला रुमाल बांधला आणि फुगे तळायला उभ्या राहिल्या. चुलीसाठी अंगणाकडच्या खिडकीशी ओटा आहे. मी बाहेर इराला घेऊन जांभळाची पानं वेचत होते.

इरा एकदम थांबली. खिडकीच्या चौकटीत माय दिसत होत्या, रुमाल बांधलेलं डोकं, चष्मा, खांदे. बस्स तेवढंच, आणि बाजूला मसाल्याची बाटली.

"माय!" इरा ओरडली.

मायनी वर पाहिलं. मला वाटतं, पोर पुन्हा रडेल अशी भीतीच वाटली असावी. मग नेहमीसारखा पापा फेकला. इराने फेकला. "टाटा," ती म्हणाली आणि वाट बघत राहिली, की आता ही नाहीशी होईल.

माय नाहीशा झाल्या नाहीत.

इराने पुन्हा "टाटा" केलं. माय तिथेच. मग ती पानं टाकून निघाली, ओटीवरून, हॉलमधून, थेट स्वयंपाकघरात. मी धावत मागे. पोहोचले तर ती मायच्या गाऊनला हात लावून वर बघत होती आणि म्हणत होती, "माय बाहेर आली!" मायचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठाने माखलेले, कढईत तेल उकळतंय. त्यांचे डोळे भरून वाहत होते, पण पुसायला हात नव्हता.

"वीणबाय, पीठ धरा," त्या म्हणाल्या.

"रुसेल ना?"

"रुसू दे त्याला!"

त्यांनी हात धुतले आणि पोरीला उचललं. मी पिठात हात घातला. मूठ आवळून अंगठ्याजवळून गोळा सोडायचा, ग्लॅडिसने दाखवलं. माझ्या प्रत्येक फुग्याला शेपूट आलं. हॉलमध्ये बाळ ठेवताना प्रार्थना म्हटली गेली, ती मी ओट्यापाशी उभी राहून ऐकली. मान वळवली तर दारातून दिसत होतं: माय पाटावर, मांडीत इरा, आणि नील बाजूला बसून पेढा बाळाच्या उशाशी ठेवतोय. मला फार आनंद झाला. हेवा? अगदी थोडासा.

जेवायला डुकराच्या मटणाचं इंदियाल होतं. मी ते खात नाही हे लक्षात ठेवून मायनी माझ्यासाठी कोंबडी वायली (वेगळी) रांधली होती. एल्विनने शेपटीवाला फुगा उचलून विचारलं, "मम्मी, हे बेडूकमासे कोणी तळले?" माय म्हणाल्या, "गप खा. आमच्या वीणबायनी केलंत." रिक्षावाल्याच्या डब्यातही तेच गेले. बिचाऱ्याने काय म्हटलं असेल देव जाणे.

परतीची एसटी मी स्टँडावरूनच पकडली. कॅनडाची मंडळी पुढच्या आठवड्यात गेली.

त्यानंतर एका सकाळी मायचा फोन आला. इराशी तिकडे गेल्यावरचं पहिलं बोलणं झालं होतं. "मी फोनमदी दिसली, तर वीणबाय, पोरीनं फोनकडं बगितलंच नाय," त्या म्हणाल्या. "उठली नि त्यांच्या किचनच्या खिरकीशी जाऊन उभी रायली. भायेर अंधार, बरफ. तिथं मना हाका मारीत व्हती."

मी साताऱ्यात, त्या पनवेलमध्ये, आणि जिच्यासाठी दोन दिवस आम्ही मनातल्या मनात ओढाताण केली ती खिडकीशी. मग मी त्यांना विचारलं, पुढच्या नाताळाला पीठ मळायला लवकर येऊ का. "या," माय म्हणाल्या. "मुठीला सवय पायजे."